वालचंद हिराचंद : टिकाऊ बांधकामाचा ध्यास घेतलेला उद्योगपती

वालचंद हिराचंद हे नाव उच्चारले की जहाजे आठवतात, विमाने आठवतात, मोटारी आठवतात. पारतंत्र्याच्या काळात या तिन्ही क्षेत्रांत पाऊल टाकण्याचे धाडस करणारा हा मराठी मुलखातला उद्योगपती. पण या तिन्ही उद्योगांचे पुढे काय झाले, हे पाहिले तर नियतीचा खेळ विलक्षण वाटतो. बंगळुरूचा विमान कारखाना सरकारकडे गेला. विशाखापट्टणमची जहाजगोदीही सरकारच्या ताब्यात गेली. सिंदिया कंपनीची जहाजे केव्हाच समुद्रावरून दिसेनाशी झाली आणि मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये निवृत्त झाली. वालचंदांच्या कर्तृत्वातला जो भाग फारसा कुणाच्या डोळ्यांत भरला नाही, तो मात्र टिकून राहिला. तो भाग म्हणजे बांधकाम. दगड, खडी, वाळू, सळई आणि सिमेंट यांचा व्यवसाय.

हाच त्यांचा पहिला व्यवसाय होता आणि याच व्यवसायाने त्यांना इतर सगळी स्वप्ने पाहण्याचे बळ दिले. सिमेंट-काँक्रीटचा टिकाऊपणा आणि मजबुती हा आज अभियांत्रिकीच्या संशोधनाचा मोठा विषय आहे. वालचंद संशोधक नव्हते. त्यांनी प्रयोगशाळेत कधी ठोकळे फोडले नाहीत. परंतु सिमेंट या देशात नवखे होते, त्याच्यावर किती विसंबावे याविषयी लोकांच्या मनात शंका होती आणि देशी कंत्राटदाराच्या कामावर तर त्याहून अधिक शंका होती, त्या काळात त्यांनी या पदार्थावर आपले नाव आणि भांडवल पणाला लावले. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांशी त्यांचे नाते जडले तेही याच ओघात.

सोलापूरचा मुलगा

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी कुटुंब मूळचे सौराष्ट्रातले, दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि इथलेच झाले. वडील हिराचंद यांची पेढी होती. कापूस, सावकारी, अडत असा त्या काळच्या व्यापारी घराण्याला साजेसा व्यवहार होता. वालचंद १८९९ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेविअर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशा दोन ठिकाणी शिकले. पण पदवी न घेताच घरच्या व्यवसायात परतले.

पेढीवर बसून व्याजाचे हिशेब मांडण्यात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मण बळवंत फाटक नावाचे रेल्वेतले एक कारकून नोकरी सोडून ठेकेदारीत उतरू पाहत होते. फाटकांजवळ रेल्वेच्या कामाची माहिती होती, वालचंदांजवळ घरचे भांडवल. दोघांची भागीदारी झाली. बार्शी लाइट रेल्वेच्या विस्तारातले येडशीच्या बाजूचे काम हे त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. हीच अरुंद मापाची रेल्वे पुढे १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत पोहोचली आणि दक्षिण महाराष्ट्राच्या व्यापाराचा एक आधार बनली.

व्यापारी घराण्यातल्या तरुणाने मातीकामाचा ठेका घ्यावा, हे त्या काळी प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते. पेढीवरचा पैसा घरात सुरक्षित राहतो. ठेकेदाराचा पैसा मात्र उन्हापावसात, माळरानावर, मजुरांच्या रोजंदारीत आणि सरकारी अभियंत्याच्या मोजमापाच्या वहीत अडकलेला असतो. वालचंदांनी ही जोखीम पत्करली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बांधकामांची मागणी वाढली आणि त्यांचा व्यवसायही वाढला.

चुन्याकडून सिमेंटकडे

वालचंदांच्या उमेदवारीच्या काळात महाराष्ट्रातले बांधकाम म्हणजे प्रामुख्याने दगड आणि चुना. बैलाच्या घाणीत मळलेला चुना, त्यात विटांची सुरखी, आणि पिढ्यान्पिढ्या मुरलेल्या गवंड्यांचा हात. हे तंत्र कमी प्रतीचे होते असे मुळीच नाही. १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण चुन्यातल्या दगडी बांधकामाचेच आहे आणि शंभर वर्षांनंतरही ते प्रवरेचे पाणी अडवून उभे आहे. पण चुना सावकाश घट्ट होतो. बोगदे, मोठ्या गाळ्यांचे पूल, पाण्याचे नळ, बंदराचे धक्के यांना लागणारा वेग आणि ताण सहन करण्याची क्षमता चुन्यात नव्हती.

सिमेंट इंग्लंडातून येई. भारतात सिमेंट बनवण्याचा पहिला प्रयत्न मद्रासला १९०४ मध्ये झाला, पण तो टिकला नाही. १९१४ मध्ये पोरबंदरचा कारखाना सुरू झाला आणि तिथून या उद्योगाने मूळ धरले. पाठोपाठ कटनी आणि लाखेरी इथेही कारखाने उभे राहिले. पण देशी सिमेंटला गिऱ्हाईक मिळणे कठीण होते. विलायती पिंपातले सिमेंट तेवढे चांगले, अशी समजूत सरकारी बांधकाम खात्यापासून गावच्या गवंड्यापर्यंत सगळीकडे होती. १९२० नंतर कारखाने वाढले, आपसांत दर पाडण्याची चढाओढ लागली आणि काही कारखाने बुडाले. त्यातूनच १९२७ मध्ये काँक्रीट असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. सिमेंट कसे वापरावे हे लोकांना शिकवणे हा तिचा उद्देश होता. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी अस्तित्वात आली.

याच सुमारास काँक्रीटच्या शास्त्रालाही शिस्त येत होती. अमेरिकेत शिकागो इथे डफ अब्राम्स यांनी असंख्य ठोकळे तपासून १९१८ मध्ये एक साधा पण दूरगामी नियम मांडला. काँक्रीटची मजबुती मुख्यतः सिमेंटच्या मानाने त्यात किती पाणी घातले यावर ठरते. पाणी जितके जास्त तितके काँक्रीट कामाला सोपे, पण तितकेच कमजोर. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला लागते त्याहून अधिक असलेले पाणी कालांतराने उडून जाते आणि मागे बारीक पोकळ्या ठेवते. याच पोकळ्यांमधून पुढे ओलावा, हवा आणि क्षार आत शिरतात. कागदावर हा नियम एका ओळीचा होता. बांधकामावर तो पाळणे मात्र महाकठीण, कारण घमेले ओतणाऱ्या प्रत्येक हाताला पातळ मालच सोपा वाटतो.

१९२६ : दोन कंपन्या, एक दिशा

१९२० मध्ये टाटांच्या सहभागाने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली आणि वालचंद तिच्या कारभारात आले. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटातले रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचे काम ही त्या काळातली मोठी कामे. पुढे सिंधू नदीवरील कालाबागचा पूल आणि ब्रह्मदेशातील इरावतीवरचा पूल यांची कामेही त्यांच्या कंपन्यांनी केली. अशी कामे तोवर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी समजली जात. निविदा भरण्याची मुभा सर्वांना होती, पण भरवसा मात्र ठरावीक नावांवरच होता. देशी ठेकेदाराने बांधलेला पूल पडला असता तर तो एका माणसाच्या चुकीचा परिणाम ठरला नसता. एतद्देशीयांच्या लायकीवरच त्याचा ठपका आला असता. वालचंदांच्या प्रत्येक कामामागे हे ओझे होते.

१९२६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या एकाच वर्षी आजची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली आणि इंडियन ह्यूम पाइप कंपनीही. दुसरीचे नाव सामान्य वाचकाला फारसे परिचित नसेल, पण रस्त्याच्या कडेला, ओढ्यावरच्या मोरीखाली, गटाराच्या चरात पडलेला राखाडी रंगाचा जाडजूड गोल नळ त्याने नक्कीच पाहिलेला असतो. आपल्याकडे गवंड्यापासून ग्रामपंचायतीच्या शिपायापर्यंत सगळे त्याला ह्यूम पाइप म्हणतात. ह्यूम हे मुळात माणसाचे नाव आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

ऑस्ट्रेलियातल्या वॉल्टर ह्यूम यांनी आपल्या भावाच्या जोडीने १९१० मध्ये ही पद्धत शोधून काढली. सळयांचा पिंजरा बसवलेला गोल साचा आडवा धरून वेगाने फिरवायचा आणि त्यात काँक्रीट सोडायचे. चक्राकार गतीमुळे काँक्रीट साच्याच्या भिंतीवर दाबून बसते. खडी बाहेरच्या अंगाला घट्ट जमते आणि जास्तीचे पाणी आतल्या पोकळीकडे येते. ते काढून टाकले की उरतो तो घट्ट, दाट, कमी पाण्याचा काँक्रीटचा नळ. म्हणजे अब्राम्स यांनी जो नियम पुढे मांडला, तो इथे यंत्रानेच पाळला जात होता. कामगाराला पातळ माल सोपा वाटो की न वाटो, जादा पाण्याला नळात थारा नव्हता.

या पद्धतीचे हक्क घेऊन वालचंदांनी ती भारतात आणली. तोवर शहरांच्या पाणीपुरवठ्याला प्रामुख्याने बिडाचे नळ वापरले जात. ते महाग होते, बरेचसे परदेशातून येत आणि गंजत. काँक्रीटच्या नळाला खडी आणि वाळू जागच्या जागी मिळत असे, सिमेंट देशात बनू लागले होते, लागत असे ते थोडेसे पोलाद. जिथे काम तिथेच कारखाना उभारता येई. जड नळ शेकडो मैल वाहून नेण्याऐवजी साचे आणि यंत्रे नेणे स्वस्त पडे. पुढच्या काही दशकांत देशाच्या निरनिराळ्या भागांत या कंपनीचे कारखाने उभे राहिले.

या नळाची परीक्षाही उघड होती. त्याला खालून दोन आणि वरून एक आधार देऊन दाबायचे आणि भेग केव्हा पडते ते पाहायचे. आत पाणी भरून दाब वाढवायचा आणि कुठे पाझर फुटतो ते पाहायचे. बांधकामाच्या इतर प्रकारांत दोष गिलाव्याखाली झाकता येतो. नळाचा दोष मात्र परीक्षेच्या मंचावरच उघडा पडतो. देशी मालाविषयीच्या शंकेला याहून सरळ उत्तर नव्हते.

सातारारोडचा कारखाना

दक्षिण महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात विसाव्या शतकाची पहिली तीन दशके मोठी उमेदीची होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये नांगर बनवणारा कारखाना काढला, तो सातारारोडला स्थिरावला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचाही आयुष्याच्या पूर्वार्धात किर्लोस्कर, ओगले आणि कूपर या तिन्ही उद्योगांशी संबंध आला होता.

१९४० च्या दशकात कूपर इंजिनिअरिंग ही कंपनी वालचंद समूहात आली. ओतकाम, नांगर आणि तेलावर चालणारी इंजिने यांसाठी तिचे नाव होते. बांधकामापासून सुरू झालेला वालचंदांचा पसारा आता यंत्रापर्यंत आला होता आणि त्यामागे व्यवहाराची एक साखळी होती. बांधकामाला यंत्रे लागतात, यंत्रांना ओतकाम लागते, ओतकामाला कुशल हात लागतात आणि असे हात शहराबाहेरच्या मुलखात तयार करता येतात, हे किर्लोस्करवाडी आणि सातारारोडने दाखवून दिले होते. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदांनी शेती, साखर कारखाना आणि वसाहत उभी केली, तिचे वालचंदनगर झाले. नाशिक जिल्ह्यातले रावळगावही त्याच प्रयत्नातले.

झेप आणि चटके

याच काळात त्यांच्या आयुष्यातली मोठी आणि गाजलेली प्रकरणे घडत होती. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची स्थापना झाली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे लॉयल्टी हे जहाज मुंबईहून इंग्लंडला निघाले. हा दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर १९२९ मध्ये वालचंद या कंपनीचे अध्यक्ष झाले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. मोटार कारखान्याच्या कल्पनेसाठी सर विश्वेश्वरय्या यांच्याबरोबर त्यांनी कित्येक वर्षे सरकारचे उंबरठे झिजवले होते.

यांपैकी प्रत्येक पावलावर त्यांना चटके बसले. विमान कारखाना महायुद्धाच्या निकडीत सरकारने दोन वर्षांच्या आत ताब्यात घेतला. १९४२ मध्ये जपानी बॉम्ब विशाखापट्टणमवर पडले आणि गोदीचे काम थंडावले. तिथून बांधलेले जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, पण पुढच्या काही वर्षांतच गोदीचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला. वालचंदांवर टीकाही झाली. भांडवलाची पुरती तजवीज न करता ते एकामागून एक उद्योग काढतात, सरकारी मदतीच्या भरवशावर उड्या घेतात, असे आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतले गेले. त्यांत तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता येणार नाही. जहाज आणि विमान या उद्योगांना लागणारे भांडवल एका खासगी समूहाच्या आवाक्याबाहेरचे होते, हे पुढच्या घटनांनी दाखवलेच.

बांधकामाच्या व्यवसायाने मात्र त्यांना दगा दिला नाही. तिथे ते पायरी पायरीने चढले होते. रेल्वेच्या भरावापासून बोगद्यापर्यंत, बोगद्यापासून पुलापर्यंत, पुलापासून नळाच्या कारखान्यापर्यंत. प्रत्येक पायरीवर आधीच्या कामाचा अनुभव जमेला होता. १९३५ मध्ये टाटा कन्स्ट्रक्शनची प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाली आणि ती त्यांच्या समूहाची मुख्य कंपनी बनली. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील कन्स्ट्रक्शन हाऊस या इमारतीतून सगळा पसारा हाकला जाई. जहाजे, विमाने, मोटारी अशी सगळी स्वप्ने पाहणाऱ्या या माणसाने आपल्या कचेरीच्या इमारतीला नाव दिले ते बांधकामाचे, यातच सारे आले.

१९४९ च्या सुमारास त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर इथे त्यांचे निधन झाले. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद या बंधूंनी आणि पुढच्या पिढीने कारभार सांभाळला. योगायोग असा की, काँक्रीटच्या बांधकामासाठी भारताची पहिली राष्ट्रीय मानक संहिता, आयएस ४५६, त्याच १९५३ साली प्रसिद्ध झाली. ठेकेदाराच्या सचोटीवर आणि साहेबाच्या मर्जीवर चालणाऱ्या कामाला आता देशाचा लेखी नियम मिळाला होता.

विश्रामबागेतले विद्यालय

सांगलीत १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांच्या प्रयत्नांतून न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. सुरुवातीला तिथे एकच पदवी अभ्यासक्रम होता आणि तो होता स्थापत्य अभियांत्रिकीचा. स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी एका लहानशा संस्थानी शहरात अभियंते घडवण्याची शाळा निघावी, ही गोष्टच मोठी होती. पण इमारत, यंत्रे, प्रयोगशाळा यांसाठी पैसा नव्हता. वालचंदांच्या निधनानंतर त्यांच्या स्मृत्यर्थ मिळालेल्या आर्थिक साहाय्याने संस्थेला बळ मिळाले आणि १९५५ मध्ये तिचे नाव वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग असे झाले. त्याच सुमारास यंत्र आणि विद्युत अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम तिथे सुरू झाले. २००७ मध्ये या महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली.

ज्याने स्वतः पदवी घेतली नाही, त्याचे नाव दक्षिण महाराष्ट्रातल्या एका नामवंत अभियांत्रिकी महाविद्यालयाला लाभले. ते शोभून दिसण्याचे कारण असे की, वालचंदांच्या पिढीच्या कामात जी उणीव होती ती भरून काढण्याचे काम अशा संस्थांचेच होते. त्या पिढीने परदेशातून पद्धत आणली, ती चालवून दाखवली, कारखाने उभारले. पण इथली खडी, इथले पाणी, इथली माती आणि इथला उन्हाळा यांत ते काँक्रीट पन्नास वर्षांनी कसे राहील, हे आयात केलेल्या कागदपत्रांत लिहिलेले नव्हते. ते इथेच तपासून पाहावे लागणार होते.

कोयनेचा धडा

या तपासणीचा सर्वांत कठोर प्रसंग सातारा जिल्ह्यातच आला. पाटण तालुक्यातले कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरहून अधिक लांब असलेले हे धरण रबल काँक्रीटचे आहे. म्हणजे ताज्या काँक्रीटमध्ये मोठाले दगड बसवून ते रचलेले आहे. त्यामुळे सिमेंट वाचते आणि सिमेंट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णताही कमी राहते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसराला साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंपाचा धक्का बसला. सुमारे १८० माणसे दगावली, हजारो घरे कोसळली.

धरण उभे राहिले, पण त्याला भेगा पडल्या. सर्वांत उंच भागात, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीवर या आडव्या भेगा होत्या. संकल्पन करताना भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के धरला होता. प्रत्यक्षात धरणात बसवलेल्या यंत्राने त्याच्या कितीतरी पट जोर नोंदवला. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक आहे, हा समज त्या पहाटे मोडला.

मग दुरुस्तीचे मोठे काम झाले. भेगांमध्ये इपॉक्सी भरले, पोलादी दोर ताणून धरणाचे भाग आवळले आणि उंच भागांना पाठीमागून काँक्रीटचे टेकू दिले. २००० नंतरच्या दशकात सांडव्याच्या भागालाही बळकटी देण्यात आली. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेच्या नोंदी घेऊन केलेला अभ्यास जगभरच्या काँक्रीट धरणांच्या संकल्पनाला उपयोगी पडला. आजही भूकंपात काँक्रीटला भेग कशी पडते याचे नवे गणित कुणी मांडले, की ते कोयनेच्या भेगेवर पडताळून पाहिले जाते. सातारा जिल्ह्यातले एक धरण अशा रीतीने जगाच्या अभ्यासाचा विषय झाले.

मजबुती आणि टिकाऊपणा

वालचंदांच्या काळात चांगले काँक्रीट म्हणजे मजबूत काँक्रीट, असे साधे समीकरण होते. ठोकळा किती वजनाला फुटतो, एवढे पाहिले की झाले. २८ दिवस पाण्यात मुरवलेला पंधरा सेंटिमीटरचा ठोकळा यंत्रात दाबून फोडण्याची परीक्षा आजही घेतली जाते आणि ती आवश्यकच आहे. पण गेल्या काही दशकांत लक्षात आले की २८ दिवसांनी उत्तीर्ण झालेले काँक्रीट २८ वर्षांनी नापास होऊ शकते.

त्याचे मुख्य कारण आतली सळई. ताज्या काँक्रीटमधला अल्कधर्मी गुण सळईवर एक सूक्ष्म संरक्षक थर धरून ठेवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत झिरपला, किंवा समुद्राकाठी मिठाचे अंश पोहोचले, की हा थर मोडतो. सळई गंजते, गंजाने फुगते आणि फुगताना बाहेरचे काँक्रीट फोडते. छताचा पापुद्रा निसटून तांबूस सळई उघडी पडलेली इमारत मुंबईकराला नवी नाही. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत म्हणूनच टिकाऊपणाला स्वतंत्र आणि सविस्तर स्थान मिळाले. परिसर सौम्य आहे की तीव्र, त्यानुसार सिमेंट किमान किती, पाणी कमाल किती, सळईवर काँक्रीटचे आवरण किती, हे ठरवून दिले गेले.

कृष्णाकाठच्या मुलखाला हा प्रश्न वेगळ्या रूपात भेडसावतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया हलवते. उसाच्या अतिसिंचनाने सांगली-मिरजेच्या कितीतरी शिवारांत जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि जमिनीतले काही क्षार पायाच्या काँक्रीटवर रासायनिक हल्ला करतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी घरांचे पाये दिवसेंदिवस पाण्यात ठेवले. दुसरीकडे याच भागातल्या साखर कारखान्यांतून निघणारी उसाच्या चिपाडाची राख योग्य तऱ्हेने जाळून आणि दळून घेतली, तर काही प्रमाणात सिमेंटच्या जागी वापरता येते, असे देशोदेशीच्या अभ्यासांतून दिसले आहे. औष्णिक वीज केंद्रांतली राख तर आता सिमेंटच्या पोत्यातूनच येते. प्रश्न आणि त्याच्या उत्तराचा एक भाग, दोन्ही याच मातीत आहेत.

या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी जो नियम आहे तो शंभर वर्षांत बदललेला नाही. पाणी कमी, माल दाट, आवरण पुरेसे आणि बांधल्यावर ठरलेले दिवस पाणी मारण्यात कसूर नाही. यांतली एकही गोष्ट महाग नाही. तरीही पहिल्या दिवशी वाचवलेल्या पाण्याच्या टँकरचा आणि घाईने काढलेल्या सेंट्रिंगचा हिशेब वीस-पंचवीस वर्षांनी रहिवाशांना चुकवावा लागतो. तेव्हा बांधणारा तिथे नसतो.

वालचंदांच्या चरित्राचे आजच्या शहरी वाचकाला महत्त्व असेल तर ते इथे आहे. ठेकेदार या शब्दाला आज जो वास येतो, तो त्यांच्या काळातही काही प्रमाणात होताच. या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून देणे त्यांना साधले, कारण आपले नाव जोडलेले काम परीक्षेला उतरले पाहिजे ही त्यांची गरज होती. परक्या सरकारसमोर दुसरी संधी मिळणार नव्हती. आज ती सक्ती उरलेली नाही. संहिता आहे, प्रयोगशाळा आहेत, अभियंते आहेत. बांधकामावर ते प्रत्यक्ष वापरले जातात की नाही, हे पाहणारा ग्राहक तेवढा हवा. नवे घर घेताना दर चौरस फुटाचा भाव विचारणाऱ्याने ठोकळ्यांच्या तपासणीचे अहवालही मागितले, तर वालचंदांनी सुरू केलेल्या कामाला हातभारच लागेल.